पान अकरावरचा साप

१४ मे

वनरक्षक हेमराज आज दुकानात आला आणि म्हणाला, साप पकडायचे असतील तर वही ठेवा. तारीख, गाव, सापाची जात, लांबी, कुठे सोडला. बस, एवढेच. मी लगेच दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर सजवून लिहिले: कय्यूम शेख, गॅस शेगडी व कुकर दुरुस्ती, स्टेशन रोड, नागभीड. खाली जागा उरली म्हणून 'सर्पमित्र' असेही लिहिले.

हेमराज म्हणाला, "भाऊ, आतापर्यंत एकच साप धरला तुमी."

खरे सांगायचे तर तोही मी धरला नव्हता. जुन्या कुकरांच्या मागे रबर शोधायला हात घातला आणि हाताला धामण लागली. भीतीने मूठच उघडेना. तसाच ओरडत रस्त्यावर पळालो. समोरच्या चहावाल्या भैयाजीने त्याचा व्हिडिओ काढला. व्हिडिओत ओरडणे ऐकू येत नाही, कारण मागून मालगाडी चालली आहे. त्यामुळे मी हसत हसत सात फुटी धामण मिरवतो आहे असे दिसते. तेव्हापासून फोन येत आहेत.

माझी बायको नाहीद म्हणाली, "झुरळ निघालं की पलंगावर चढणारा माणूस. आणि सर्पमित्र?" ती घरात हिंदी बोलते, मी वहीत मराठी लिहितो, कारण माझी शाळा जिल्हा परिषदेची. भाषांतरात तिचे टोमणे जरासुद्धा बोथट होत नाहीत.

२६ मे

चंद्रपूरला एक दिवसाचे शिबिर झाले. सकाळी बिनविषारी साप शिकवले. धामण, कवड्या, दिवड, अजगर. सगळे पाठ केले. मग जेवण. वांग्याची भाजी अशी झाली होती की तीनदा घेतली. जेवणानंतर विषारी साप होते. खोलीत पंखा होता, पडदे ओढलेले होते. मला जाग आली ती टाळ्यांनी.

प्रमाणपत्र मिळाले, साप उचलायची आकडी मिळाली, बत्तीस पानांची रंगीत पुस्तिका मिळाली. बिनविषारी सापांत आता माझा हात धरणारा कोणी नाही. विषारी पुस्तिकेत आहेतच. कधीही वाचता येतील.

२९ मे

नाहीदने जुन्या उशीच्या अभ्र्याची साप ठेवायची पिशवी शिवून दिली. तोंडाला नाडी, खाली दुहेरी शिलाई. चिडवायलाच शिवली असणार, कारण देताना म्हणाली, "साप बाहेर आला तर चालेल, तुम्ही आत पडू नका."

पुस्तिका स्वयंपाकघरात सापडली. तेल-हळदीचे डाग पडले आहेत. पान अकरावर तर हळदीचा अख्खा अंगठा उमटला आहे. सरकारी वस्तूची ही किंमत. मी पुसून कपाटावर ठेवली.

२ जून

गाव: पळसटोली. बोलावणारे: सोमाजी. साप: अजगर. लांबी: साडेतीन फूट. सोडला: तलावाची पाळ.

इथपर्यंत हेमराजसाठी. आता माझ्यासाठी.

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. सोमाजी जातीचा ढिवर, गावच्या तलावात मासे धरतो आणि तलावाखालीच त्याची धानाची शेती आहे. त्याची बायको प्रेमिलाबाई बैलांसाठी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगातून तणस ओढत होती, तर आत हा. जाड, सुस्त, जुन्या टायरसारखा पडलेला. पळायचे नाव नाही. अंगावर तपकिरी गोल गोल ठिपके, एकात एक अडकवलेले, पाठीवर एक रांग आणि दोन्ही बाजूंना एकेक. मी आकडी लावली तसा त्याने असा काही फुत्कार सोडला की माझ्या तोंडून सवयीने निघाले, "याचं रबर गेलं."

सगळे गाव हसले. साठ माणसे आपल्या विनोदावर हसली की माणसाला आपल्याला सगळे येते असे वाटू लागते. मी जाहीर केले, "अजगर होय. बिनविषारी."

एकटी प्रेमिलाबाई हसली नाही. म्हणाली, "भाऊ, हे परड तं नाई ना? माह्या सासऱ्याले असीच चावली होती. तिसऱ्या दिवशी गेले."

मी म्हणालो, "बाई, परड वेगळी रायते. मी चंद्रपूरले शिकून आलो."

मग तिने पदर तोंडाला लावला आणि मागे सरकली. बाकी सगळ्यांनी शेपटीला हात लावून पाहिले. डोके पिशवीत होते, हे माझे नशीब म्हणा की नाहीदची दुहेरी शिलाई.

मी जंगलात सोडायला निघालो, तर सोमाजी आडवा आला. "बिनविषारी हाये तं जंगलात काऊन नेता? उंदरानं धुरे पोखरून टाकले साऱ्या शेताचे. इथीच राहू द्या आमच्या पाळीवर." मलाही पटले. जंगलात नेऊन सोडला असता तर पाहायला कोण होते? पाळीवर गाव होते. मी पाळीवर उभा राहून भाषण केले: अजगर शेतकऱ्याचा मित्र, एक अजगर म्हणजे शंभर उंदीर, कोणी मारू नका. पुढे पिल्ले दिसली तर हळूच उचलून बाजूला ठेवा.

सोमाजी म्हणाला, "तलावाची आन. माह्या गावात कोनी काठी नाई उचलन."

एवढ्या वर्षांत माझे कोणी ऐकले नव्हते. कुकर अर्ध्यावर भरा, शिट्टी धुवा, घसा फोडून सांगितले. आज एका गावाने ऐकले. मी परत येताना गाडीवर गाणे म्हणत होतो.

३ जून

नाहीदला कालच्या सापाचा फोटो दाखवला. तिने बोटांनी मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला. म्हणाली, "ही साखळी कसली?"

"नक्षी असते."

"ही घोणस आहे. पान अकरा बघा."

"शिबिराला तू गेली होतीस का?"

"नव्हते. पण मी जेवून झोपले नसते."

हे तिला कोणी सांगितले कळत नाही. मीच सांगितले असणार. मी म्हणालो आधी चहा दे, मग बघतो. चहा झाल्यावर एक शेगडी घेऊन गिऱ्हाईक आले आणि राहून गेले.

दुपारी तिने सोमाजीचा नंबर मागितला. मासे पाहिजेत म्हणे. चला, माझ्या नावाचा काही तरी उपयोग झाला.

११ जून

पान अकरा अजून पाहिलेले नाही. चष्मा दुकानात राहिला होता.

आज बाजाराचा दिवस. प्रेमिलाबाई मासे घेऊन थेट घरी आली. ती आणि नाहीद स्वयंपाकघरात तासभर बसल्या. मी पाणी प्यायला गेलो तर दोघी गप्प झाल्या. ओट्यावर पुस्तिका उघडी होती, तिच्यावर मासा. जाताना प्रेमिलाबाईच्या टोपलीत माझे पावसाळी रबरी बूट गेले. गुडघ्यापर्यंतचे, चांगले होते. मला विचारले सुद्धा नाही. मी म्हणालो, घरातला माणूस अनवाणी आणि गावाला बूट. नाहीद म्हणाली, "तुम्हाला कुठे चिखलात जायचंय?" बायकांचे मेतकूट जमले की पुरुषाच्या वस्तू घराबाहेर जातात.

१९ जून

गाव: नागभीड, शिक्षक कॉलनी. साप: गॅसची नळी. लांबी: पाच फूट. सोडला: शेगडीलाच जोडून दिली.

ओट्याखाली हिरवा साप आहे म्हणून फोन आला. मी आकडी, पिशवी, प्रमाणपत्र, सगळे घेऊन गेलो. वाकून बघितले आणि तीन पावले मागे उडालो. मग घरातल्या आजीबाई म्हणाल्या, "अहो, ही तं तुमीच लावून देल्ली दिवाळीले."

हेमराजने ही नोंद वाचून वही परत केली. म्हणाला, पुढची बिनधास्त लिहा, वाचायला मजा येते. मागची पाने त्याने चाळली नाहीत. मीही चाळा म्हणालो नाही. का म्हणालो नाही ते लिहीत नाही.

२८ जून

सोमाजीने फोटो पाठवला आणि मागोमाग फोन. "भाऊ, तुमच्या अजगराले पिल्लं झाली! पाळीवर पंधरा तरी असन. वीतभर वीतभर. सारे आईवानीच, नक्षी असी सुंदर का बोलू नका."

मी भैयाजीला फोटो दाखवला. त्याने चहा पाजला आणि विचारले, बारसे कधी. दुकानात येईल त्याला मी फोटो दाखवला. नातू झाल्यासारखा मिरवलो. नाहीदला दाखवला नाही. ती कामात होती. म्हणजे मी सांगितले असते तर काम सोडून बघितला असता.

३० जून

आज पुस्तिका उघडली. पान अकरा नाही, पान सहा. अजगर. हे पान मला येते, त्यामुळे भीती नव्हती.

अजगर अंडी घालतो. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. पिल्ले बाहेर यायला साधारण दोन महिने.

दोन जूनला ती तणसात होती. तेव्हा अंडी नव्हती, आम्ही सगळा ढीग उपसला होता. पिल्ले दिसली अठ्ठावीसला. मी बोटांवर मोजले. मग कॅलेंडरवर मोजले. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस मी, एवढे मोजणे चुकायचे नाही. सव्वीस दिवसांत अजगराला पिल्ले होत नाहीत.

मग पान अकरा पाहिले.

घोणस. अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते, वीस ते चाळीस. उन्हाळा संपताना आणि पावसाच्या सुरुवातीला. जाड, सुस्त, अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. कुकरच्या शिट्टीसारखा, असेच छापले आहे. साऱ्या जिल्ह्यात हे वाक्य एका माणसासाठी लिहिले असेल तर तो मी. माणूस जवळ आला तरी हलत नाही, तणसात, धुऱ्यावर, गवतात पडून राहते. पिल्लांना जन्मापासून विष असते.

पानावर हळदीचा अंगठा होता. तो बरोबर चित्रातल्या डोक्यावर होता.

१ जुलै

सोमाजीला फोन केला. सांगायचे वाक्य कागदावर लिहून घेतले होते. तो आधीच बोलू लागला. "भाऊ, एक पिल्लू मरू नाई देल्लं. लोक पाळीवरून पाहून पाहून चालून राह्यले. वाटेत आलं का मी सोता उचलून बाजूले ठेवतो, तुमी सांगतलं तसं."

मी म्हणालो, "हात लावू नका सोमाजीभाऊ."

"काऊन?"

कागद हातात होता. त्यावर स्पष्ट लिहिले होते. आणि माझ्या तोंडून काय निघाले? "हाताचा वास लागला का आई जवळ नाई करत."

"हव का? बरं झालं सांगतलं," तो म्हणाला.

मी म्हणालो लाईन खराब आहे, आणि ठेवला. लाईन स्वच्छ होती. त्याच्या मागे बेडूक ओरडत होते तेही ऐकू येत होते.

२ जुलै

आज जाऊन तोंडाने सांगायचे ठरवले. अर्ध्या रस्त्यातून परत आलो. पाऊस आला असे नाहीदला सांगितले. आभाळ होते, पाऊस नव्हता. तिने माझ्या कोरड्या शर्टाकडे पाहिले आणि म्हणाली, "उद्या मी येते सोबत." म्हणजे तिला माहीत आहे की मला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे कोण जाणे.

साठ माणसे माझ्यावर पुन्हा हसतील, या वेळी माझ्या विनोदावर नाही, एवढीच माझी भीती आहे. लिहिल्यावर किती लहान दिसते.

३ जुलै

सकाळी साडेआठला फोन वाजला तो माझा नाही, नाहीदचा. प्रेमिलाबाई होती. नाहीद ऐकत होती आणि मधेच विचारत होती: बांधलं तर नाही ना? कापलं नाही ना? हात हलू देऊ नका. झाडपाल्यावाल्या मंगरूबाबाकडे नेऊ नका, कोणी काही म्हणो. गाडी निघाली?

फोन ठेवून तिने दुधाखालचा गॅस बंद केला. "सोमाजीला चावली. उजव्या हाताला. दवाखान्यात चला."

वाटभर गाडी मी चालवत होतो एवढेच.

सोमाजी खाटेवर होता. हाताला फळी, तीवर ओढणी सैल गुंडाळलेली. बोट सुजून वांग्याएवढे. हिरड्यांतून रक्त येत होते आणि तो दर वेळी पुसून म्हणत होता, काही नाई, काही नाई. मला पाहून उठू लागला. "भाऊ, वास नाई लागू देल्ला. परसाचं पान धरलं होतं हातात, पानानंच उचललं. तरी चावलं."

पळसाचे पान. माझ्या खोट्यासाठी त्याने पान तोडले होते.

डॉक्टरबाईंनी विचारले, "साप कोणता?"

सोमाजी म्हणाला, "अजगराचं पिल्लू होय, डाक्टर. कय्यूमभाऊनं सांगतलं. ते शिकून आले चंद्रपूरले."

सगळे माझ्याकडे वळले. प्रेमिलाबाई, सोबत आलेले तीन-चार गावकरी, नर्स. नाहीद वळली नाही. ती माझ्या शेजारी उभी राहून समोर पाहत होती.

मी म्हणालो, "डॉक्टर, घोणस आहे. मी चुकीचं सांगितलं होतं. मला तीन दिवसांपासून माहीत होतं."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

डॉक्टरबाईंनी थोडे रक्त काचेच्या नळीत काढून टेबलावर ठेवले आणि सांगितले, वीस मिनिटे कोणी हात लावायचा नाही. चांगले रक्त वीस मिनिटांत दह्यासारखे थिजते. मी घड्याळ धरून उभा राहिलो. वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. त्या म्हणाल्या, इंजेक्शन सुरू करा.

दुपारी पुन्हा नळी. पुन्हा वाहिले. पुन्हा औषध.

४ जुलै

सकाळची नळी आडवी केली. रक्त हलले नाही. उलटी धरली. तरी हलले नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थिजलं." मी बाहेर जाऊन सायकल स्टँडजवळ उभा राहून रडलो. नाहीदने ओढणीचे टोक दिले आणि म्हणाली, नाक शर्टाला पुसू नका, धुवायला मलाच लागतो.

मग तिने सांगितले. जूनमध्ये मासे घ्यायला तिने नंबर घेतलाच नव्हता. पहिल्याच फोनवर प्रेमिलाबाईला म्हणाली होती, तुम्ही बरोबर आहात, ती परड आहे, आमचे हे चुकले. दोघींनी मिळून पान अकरा तोंडपाठ केले होते. बांधायचे नाही, कापायचे नाही, हात हलवायचा नाही, एकशे आठला फोन, थेट दवाखाना. प्रेमिलाबाईने नवऱ्याला दहादा सांगितले. सोमाजी म्हणायचा, "तू चंद्रपूरले गेली होती का?"

हे वाक्य मला ओळखीचे वाटले.

मी म्हणालो, "मला अजून एकदा ओरडून सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही चहा मागितला."

७ जुलै

पळसटोली. मी आणि हेमराज. पाळीवर, त्याच जागी, लोकांना बोलावले. मी सांगितले, ती परड होती, प्रेमिलाबाई खरे बोलत होत्या, मी झोपलो होतो. वांग्याच्या भाजीचेही सांगितले. लपवायचे आता काही उरले नव्हते.

 म्हातारा मंगरू, जो झाडपाल्याचे औषध देतो, म्हणाला, "तुमी आणली नोहोती, आमचीच होती. पन आमी तिले भेत होतो. तुमी आमची भेव काढून टाकली. ते तेवढी वापस द्या."

मी आकडी उचलली.

हेमराजने आणि मी चार तास पाळ धुंडाळली. नऊ पिल्ले मिळाली, ती डब्यात घालून त्याने जंगलात नेली. एकेकाला आकडीने उचलण्याआधी मी एवढा वेळ दूर उभा राहत होतो की हेमराज म्हणाला, आता तुम्ही बरोबर शिकलात. आई सापडली नाही. हेमराजने माझी आकडी मागितली नाही. मीच दिली. त्याने परत माझ्या गाडीला अडकवली.

दोन जूनची नोंद मी खोडायला घेतली, तर तो म्हणाला, "खोडायचं नाई. खोडलं तं चुकी दिसत नाई. खाली तारीख टाकून बरोबर लिहा." मी अजून लिहिलेले नाही.

१७ जुलै

सोमाजी घरी आला. मूत्रपिंडे वाचली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे पेर गेले. मी भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर जाळे घेऊन बसला होता. जाळे फेकताना दोरी त्याच बोटात अडकवावी लागते. दुसऱ्या बोटात अडकवून बघत होता, पुन्हा पुन्हा सुटत होती.

मी माफी मागितली. त्याने दोरी आणखी एकदा अडकवून पाहिली. मग म्हणाला, "तुमी नसते सांगतलं तं मी कुराडीनं ठेचलं असतं तेले. तुमच्यावर भरोसा ठेवला म्हनून हातात घेतलं." रागावून म्हणाला असता तर सोपे गेले असते. तो नुसते जसे झाले तसे सांगत होता.

निघताना प्रेमिलाबाईने माझे बूट समोर आणून ठेवले. धुऊन, वाळवून. मी म्हणालो, राहू द्या, धानाची रोवणी आहे. ती म्हणाली, "भाऊ, एक जोडीनं काय होते? रोवणीत चाळीस बाया हायेत."

घरी येऊन नाहीदला हे सांगितले, तर तिने आधीच कॉलनीत निरोप फिरवला होता. दुकानात आता शेगड्या कमी आणि जुने रबरी बूट जास्त आहेत. फाटलेल्यांना मी कुकरच्या रबराचे ठिगळ लावतो. हे काम मला येते.

१२ ऑगस्ट

काही नाही. फोन आले, घेतले नाहीत. हेमराजचा नंबर दिला. भैयाजी विचारतो, सर्पमित्र, सध्या मैत्री बंद? मी पहिल्या पानावरचा तो शब्द पाहतो. खोडायचा नसतो, म्हणून आहे.

पुस्तिकेचे रोज एक पान वाचतो. दुपारी नाही, सकाळी, उभ्याने.

२३ नोव्हेंबर

धान कापणी चालू आहे. सकाळी दहाला सोमाजीचा फोन आला. "भाऊ, पाळीखालच्या बांधीत निघाली. मोठी. कापनाऱ्या बाया बाहेर काढल्या. कोनी काठी उचलली नाई. या."

मी म्हणालो, "हेमराजले बोलावतो."

"हेमराजले फोन केला. ते मोहर्लीकडे हायेत, सांजेलोक येते म्हंतात. तोवर बाया काय बसून राहतीन? या तुमी." मग म्हणाला, "आन बाईले संगं घेऊन या."

नाहीदला सांगितले. तिने ओढणी घेतली, पुस्तिका घेतली, पिशवी घेतली. मी दोन्ही पायांत बूट घातले. ठिगळाचे होते.

धानाच्या त्या बांधीभोवती सगळे उभे होते. साठ नाही, जास्तच. बायांच्या पायांत वेगवेगळ्या मापाचे, वेगवेगळ्या रंगाचे बूट, काहींच्या तर दोन पायांत दोन. कापलेल्या धानाच्या कडेला ती पडली होती. जाड, सुस्त. अंगावर साखळ्या. मी दहा फुटांवर थांबलो. तिने फुत्कार सोडला, लांबलचक, संपता संपेना असा. माझ्या डोक्यात ते रबराचे वाक्य आले आणि तिथेच राहिले.

 सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय सांगतो म्हणून. सोमाजीही बघत होता. उजवा हात त्याने डाव्या काखेत धरला होता.

मी वळलो. "प्रेमिलाबाई, हे काय होय?"

ती पुढे आली. तिने नीट पाहिले, घाई केली नाही. एकदा नाहीदकडे पाहिले. नाहीदने मान हलवली.

"परड होय," प्रेमिलाबाई म्हणाली.

मी आकडी लावली.  पिशवीचे तोंड नाहीदने घरून आणलेल्या जाड प्लास्टिकच्या नळीला बांधून लांब धरले होते. परड आत गेली. नाडी ओढली. सोमाजीने खाली बसून पिशवीचा तळ डोळ्यांनी तपासला, मग म्हणाला, "शिलाई चांगली हाये. आता न्या. लय दूर न्या." मग बायांना ओरडला, "चला, कापा!"

घरी येऊन वही उघडली. आधी दोन जूनच्या खाली तारीख टाकून लिहिले: अजगर नव्हे. मग आजची नोंद.

गाव: पळसटोली. साप: घोणस, म्हणजे परड. लांबी: चार फूट. सोडला: राखीव जंगलात, हेमराजच्या समोर. पिशवी: नाहीद. पकडणारा: कय्यूम.

हेमराजच्या नमुन्यात एक रकाना नाही. तो मी पट्टीने आखून घेतला.

ओळखणारी: प्रेमिलाबाई, २ जूनलाच.